औषध नसलेली नशा

दारू सुटावी म्हणून डायसल्फिराम आहे, नाल्ट्रेक्झोन आहे. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, रुग्णाला जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आहे. तंबाखू सोडणाऱ्याला निकोटिनचं च्युइंगगम थेट औषधाच्या दुकानात मिळतं. एमडीसाठी, म्हणजे मेफेड्रॉनसाठी, यातलं काहीच नाही. मेफेड्रॉन असो, मेथॅम्फेटामिन असो की कोकेन, उत्तेजक अमली पदार्थांच्या व्यसनावर खास मान्यता मिळालेलं एकही औषध अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या यादीतही नाही. त्यामुळे ज्या घरात हे व्यसन शिरलंय, त्या घरापुढे दोन-चार वेळा केंद्रात ठेवून झाल्यावर कधी ना कधी एक प्रश्न येतो: कुठे नव्या औषधाची चाचणी चालू असेल, तर पोराचं नाव तिथे घालावं का?

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्याच घरांचा आहे, असं रायगडात कुणी म्हणू नये. मेफेड्रॉन हे काही शेतात पिकत नाही. त्याला भट्टी नको, रिअ‍ॅक्टर हवा. द्रावणं, पिंपं आणि रसायनात हात बसलेला माणूस हवा. हे सगळं जिथे आधीपासून आहे, तिथेच हा धंदा चोरपावलांनी येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातला कारखाना उघडकीला आणला. डिसेंबर २०२३ मध्ये रायगड पोलिसांनी खोपोलीजवळ छापा घातला आणि शंभर कोटींहून जास्त किमतीचा माल धरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलीस कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पोचले, तेव्हा हिशोब किलोत नव्हे, टनात करावा लागला. पुढे महाडच्या वसाहतीचंही नाव आलं. रोह्याच्या धाटाव वसाहतीतले बहुतेक कारखाने सरळमार्गी आहेत आणि तिथे राबणारी माणसंही. पण खोपोली ते महाड या पट्ट्यात रोहा मधोमध बसतं, आणि माल जिथे बनतो तिथून तो फक्त मुंबईलाच जातो असं समजणं भाबडेपणाचं आहे.

देशपातळीवरचा आकडा मात्र छोटा दिसतो. दिल्लीच्या एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेलं मोठं सर्वेक्षण फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात १० ते ७५ वयोगटात दारू पिणारे १४.६ टक्के निघाले, अ‍ॅम्फेटामिन गटातली उत्तेजकं घेणारे ०.१८ टक्के आणि कोकेनवाले ०.१० टक्के. या छोट्या आकड्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. संशोधनाचा पैसा मोठ्या आकड्यामागे जातो. आपल्याकडे व्यसनांवर झालेल्या औषध-चाचण्या पाहिल्या तर दारू, अफूजन्य पदार्थ आणि तंबाखू यांचाच वरचष्मा आहे. उत्तेजकांवरच्या ज्या मोठ्या चाचण्यांची नावं पुढे घेणार आहे, त्या अमेरिका, ऑस्ट्रेलिया, फिनलंड इथल्या आहेत आणि मेथॅम्फेटामिन, अ‍ॅम्फेटामिन किंवा कोकेनवरच्या आहेत. मेफेड्रॉन त्यांच्या जवळचं असलं, तरी तेच नव्हे. तिकडचा निष्कर्ष उचलून रोह्यातल्या पोराला चिकटवताना ही फट लक्षात ठेवावी लागते.

औषध का सापडत नाही, याचं उत्तर शरीरात आहे. गर्द मेंदूतल्या ठरावीक ग्राहींवर जाऊन बसते. त्याच जागी ब्युप्रेनॉर्फिन बसवलं की अंगदुखी, जुलाब, तळमळ थांबते, आणि माणूस कामावर जाऊ शकतो. एमडी असं एका जागी बसून राहत नाही. ते डोपामिन आणि सेरोटोनिन एकदम बाहेर लोटतं, तासा-दोन तासांत ओसरतं, आणि पुन्हा ओढ लावतं. म्हणून एकाच रात्रीत वारंवार घेतलं जातं. मग दोन-तीन दिवस झोप, भूक, चिडचिड, आणि खोल उदासी. काहींच्या मनात या दिवसांत जीव देण्याचे विचार येतात. घरच्यांना वाटतं, झोपला म्हणजे उतरली. खरं तर लक्ष ठेवायची वेळ तीच असते. गर्दच्या रुग्णासारखी तडफड दिसत नाही म्हणून हे व्यसन हलकं वाटतं, आणि पहिली दोन वर्षं त्यातच निघून जातात.

महाराष्ट्राला व्यसनमुक्तीची जी घडी माहीत आहे, ती गर्दच्या काळात बसली. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलेली लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ला पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं. डॉ. अनिता अवचटांनी तिथे जी रीत घातली, ती औषधावर थोडी आणि माणसांवर जास्त उभी होती: पस्तीस दिवसांचा मुक्काम, दिनक्रम, समूहात बोलणं, बायकोसाठी वेगळा गट, आणि घरी गेल्यावरचा पाठपुरावा. एमडीचे रुग्ण आले तेव्हा औषधाचा भाग जवळजवळ रिकामाच होता, पण ही रीत उपयोगी पडली. ती नुसती तात्पुरती सोय नव्हती, हे पुढे जगातल्या चाचण्यांनीही दाखवलं. तिकडे वळू.

सगळ्यात गाजलेली चाचणी जानेवारी २०२१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. टेक्ससचे डॉ. मधुकर त्रिवेदी आणि सहकाऱ्यांनी मेथॅम्फेटामिनचं व्यसन जडलेल्या ४०३ जणांवर दोन जुनी औषधं एकत्र वापरून पाहिली: दर तीन आठवड्यांनी नाल्ट्रेक्झोनचं इंजेक्शन आणि रोज ब्युप्रोपिऑनची गोळी. दोन्हींची नावं भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांना पाठ आहेत. ब्युप्रोपिऑन नैराश्यासाठी आणि सिगारेट सोडवण्यासाठी आपल्याकडे लिहून दिलं जातं. लघवीच्या चार तपासण्यांपैकी किमान तीन स्वच्छ आल्या तर ‘गुण आला’ असं मानलं गेलं. औषध मिळालेल्यांत असे १३.६ टक्के निघाले, खोटं औषध मिळालेल्यांत २.५ टक्के.

हे आकडे दोन तऱ्हेने वाचता येतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. काहीच नसलेल्या ठिकाणी पाचपटीहून जास्त फरक पडला, ही मोठी गोष्ट. आणि औषध घेऊनही शंभरातल्या शहाऐंशी जणांना त्या मापाने गुण आला नाही, हीही तेवढीच मोठी गोष्ट. वर्तमानपत्रात पहिलं वाक्य छापून येतं. चाचणीत नाव घालू पाहणाऱ्या बापाने दुसरं आधी वाचावं.

बाकीच्या चाचण्यांची कहाणी अशीच खाली-वर आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मिर्टाझापिन या नैराश्यावरच्या गोळीने मेथॅम्फेटामिनचा वापर कमी झाला, आधी साठ जणांच्या आणि मग २०२० साली छापून आलेल्या १२० जणांच्या चाचणीत. पण ते सगळे एका विशिष्ट समाजगटातले होते. ऑस्ट्रेलियात एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन या स्वस्त, निरुपद्रवी औषधाकडून फार आशा होती. १५३ जणांना बारा आठवडे दिलं आणि २०२१ मध्ये निकाल आला: काहीही फरक नाही. अवधानाच्या विकारावर जी उत्तेजक औषधं देतात, तीच देऊन नशेच्या उत्तेजकाची जागा भरता येईल का, यावर तिथेच मोठं काम झालं आहे, आणि त्यात थोडा गुण दिसतो. कोकेनविरुद्ध लस काढण्याचाही प्रयत्न झाला. ११५ जणांच्या चाचणीत लस टोचलेल्यांपैकी काहींच्याच रक्तात पुरेशी प्रतिद्रव्यं तयार झाली, आणि पुढच्या मोठ्या चाचणीत ती लस टिकली नाही.

फिनलंडची २००७ सालची चाचणी मला यांत सगळ्यांत बोलकी वाटते. अ‍ॅम्फेटामिनच्या ५३ रुग्णांना तीन गटांत विभागलं: एकाला अ‍ॅरिपिप्राझोल, एकाला मिथाइलफेनिडेट, एकाला खोटी गोळी. मधल्या टप्प्यावर आकडे पाहिले, तर अ‍ॅरिपिप्राझोल घेणारे खोट्या गोळीवाल्यांपेक्षाही जास्त नशा करत होते. चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. अ‍ॅरिपिप्राझोल हे काही अनोळखी औषध नाही, रोजच्या वापरातलं आहे, आणि ते चालेल असं मानायला तेव्हा सबळ कारणं होती. ‘नवं औषध म्हणजे निदान वाईट तर होणार नाही’ हे आपण गृहीत धरतो. ते धरता येत नाही, एवढंच या चाचणीने सिद्ध केलं, आणि तेवढं पुरे आहे.

आता सायकेडेलिक औषधांचा विषय. हल्ली इंटरनेटवर त्याचाच बोलबाला आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१९ साली कोकेनच्या ५५ रुग्णांना एकदाच केटामिन सलाइनमधून दिलं आणि जोडीला ध्यानाधारित समुपदेशन केलं. चाचणीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत ४८.२ टक्के जण कोकेनपासून दूर राहिले. ज्यांना केटामिनऐवजी झोपेचं औषध दिलं होतं, त्यांच्यात १०.७ टक्के. आकडा डोळ्यांत भरतो, पण रुग्ण मोजके आहेत. सायलोसायबिन, एमडीएमए यांचीही चाचणी चालू आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारांसाठी त्यांना मर्यादित परवानगी दिली, तर अमेरिकेने ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएला मान्यता नाकारली. आपल्याकडे हे सगळे पदार्थ अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतात. कुणी अलिबागच्या एखाद्या फार्महाऊसवर ‘थेरपी’ म्हणून यातलं काही देऊ करत असेल, तर ती चाचणी नव्हे, गुन्हा आहे.

या सगळ्या औषधांच्या रांगेत ज्याने सर्वांत सातत्याने गुण दाखवलाय, ते औषधच नाही. अमेरिकेत स्टीफन हिगिन्स यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कोकेनच्या रुग्णांना सांगितलं: लघवी स्वच्छ आली की कुपन मिळेल, पुढच्या वेळी थोडं जास्त, आणि एकदा जरी घसरलात तर पुन्हा पहिल्या रकमेपासून. नॅन्सी पेट्री यांनी पुढे खर्च कमी करण्यासाठी बक्षिसांच्या चिठ्ठ्यांचं भांडं ठेवलं. २०१८ मध्ये पन्नास चाचण्या आणि जवळपास सात हजार रुग्ण एकत्र तोलणारा अभ्यास आला, आणि त्यात ही पद्धत समाजाच्या आधाराने केलेल्या समुपदेशनासोबत वापरली तर सर्वांत वर राहिली. २०२३ पासून कॅलिफोर्निया राज्य आपल्या सरकारी आरोग्य योजनेतून ती देऊ लागलं.

‘नशा न करण्याचे पैसे द्यायचे?’ असं आपल्याकडे कुणीही विचारील. मलाही तो प्रश्न पडला होता. पण नीट पाहिलं, तर पैसा तिथे दुय्यम आहे. आठवड्यातून दोन-तीनदा माणूस ठरल्या वेळी ठरल्या जागी येतो, कुणीतरी त्याची वाट पाहत असतं, आणि आज काय झालं याचा निकाल आजच लागतो. पहिलं बक्षीस तिथेच मिळालेलं असतं. मुक्तांगणातला पस्तीस दिवसांचा दिनक्रमही त्याच धाग्याचा आहे. आणि चाचणी, ती कुठल्याही औषधाची असो, रुग्णाला नकळत हेच देते: तारखा, तपासण्या, फोन करणारी नर्स. त्रिवेदींच्या चाचणीत आठवड्यातून दोनदा लघवी तपासत होते. खोटी गोळी मिळालेल्यांतलेही काही जण सावरतात, त्यात या नेमाचा मोठा वाटा असणार, असं माझं मत आहे.

म्हणून चाचणीकडे जाताना ‘औषध मिळेल का’ याच्याआधी ‘मी एवढ्या वेळा येऊ शकेन का’ हा प्रश्न विचारावा लागतो. औषध मिळेलच याची हमी तर नाहीच. कोणाला खरं आणि कोणाला खोटं, हे संगणक चिठ्ठी टाकून ठरवतो. डॉक्टरलाही ते माहीत नसतं. डॉक्टर आपले, तर औषधही आपल्याला खरंच देतील, असा विश्वास घरच्यांना असतो. शास्त्राला तेच नको असतं. काही चाचण्यांत थोडी दुसरी संधी असते: त्रिवेदींच्या चाचणीत पहिल्या सहा आठवड्यांत खोट्या औषधाने ज्यांना गुण आला नाही, त्यांच्या चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या गेल्या. अशी सोय आहे का, हे आधीच विचारता येतं.

प्रवेशाच्या अटीही उलट्या वाटतील अशा असतात. त्याच चाचणीत नाव घालायचं तर मागच्या तीस दिवसांत किमान अठरा दिवस मेथॅम्फेटामिन घेतलेलं असणं जरूर होतं. म्हणजे केंद्रात महिनाभर राहून स्वच्छ झालेला मुलगा अपात्र, आणि रोज घेणारा पात्र. नाल्ट्रेक्झोन असेल तर गर्द किंवा अफूजन्य गोळ्या घेणारा बाहेर, कारण ते औषध अशा माणसाला एकदम तीव्र त्रासात लोटतं. ब्युप्रोपिऑन असेल तर फिट येण्याचा इतिहास असलेला बाहेर. गरोदर बाई बाहेर. एमडीसोबत दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या घेणं आपल्याकडे सर्रास आहे. चाचणीला मात्र एकाच नशेचा माणूस हवा असतो. काही जण खोटी माहिती देऊन आत शिरतात. त्यात धोका त्यांच्याच जिवाला असतो, आणि दोष मात्र पुढे औषधाच्या माथी बसतो.

‘आपल्यावर प्रयोग करणार’ ही भीती आपल्या मुलखात निराधार नाही. हाफकिनने प्लेगची लस १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच महिन्यात ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना दिली गेली, हे सांगताना आवाज जरा खाली येतो. ते स्वेच्छेने पुढे आले असं नोंदलंय. पण बंदिस्त माणसाची स्वेच्छा किती, हा प्रश्न सव्वाशे वर्षांनीही तसाच आहे, आणि कोर्टाच्या तारखेला धाक म्हणून ‘चाचणीत बसव त्याला’ असं कुणी सांगितलं तर तो रोह्यातही उभा राहतो. अलीकडचा धडा जास्त कडवट आहे. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयासमोर जी माहिती आली, त्यानुसार २००५ ते २०१२ या काळात नव्या रसायनांच्या ४७५ चाचण्यांत २,६४४ जण दगावले, आणि त्यातले ८० मृत्यू चाचणीमुळे झाले असं सरकारने मानलं. बाकीचे आपल्या मूळ आजाराने गेले, असं कागद म्हणतो. ते कोणी ठरवलं, हाच तर वाद होता.

त्या वादातून आजचे नियम आले. मार्च २०१९ पासून लागू झालेले नवीन औषधे आणि नैदानिक चाचणी नियम हा त्यातला मुख्य दस्तऐवज. कोणतीही चाचणी सुरू होण्याआधी नैतिकता समितीची मंजुरी लागते. समितीत किमान सात सदस्य, अर्धे तरी संस्थेबाहेरचे, त्यात एक सामान्य नागरिक, एक स्त्री आणि एक कायद्याचा जाणकार असावा लागतो. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट, आणि मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर आठ लाखांच्या पायाभूत रकमेला वय आणि आजाराच्या जोखमीचा गुणक लावून भरपाई. खोट्या औषधामुळे आवश्यक उपचार मिळाला नाही आणि त्यातून इजा झाली, तर तीही भरपाईत धरली जाते, हे फार थोड्या लोकांना माहीत आहे. गंभीर दुष्परिणाम झाला तर डॉक्टरने चोवीस तासांत कळवायचं असतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापरातून येणारे विकारही मानसिक आजारात धरतो आणि अशा माणसावर संशोधन करताना त्याची स्वतःची, समजून दिलेली संमती मागतो. पोर सज्ञान आणि स्वतः संमती देऊ शकणारं असेल, तर बाप, भाऊ, बायको यांनी सही करून त्याला आत बसवण्याचा मार्ग बंद आहे.

संमतीचा अर्ज हा जपून वाचायचा कागद आहे. तो मराठीत मागावा. देणं बंधनकारक आहे. त्यात चाचणीचा हेतू, किती दिवस, किती माणसं, दुसरा कोणता उपचार उपलब्ध आहे, मध्येच सोडता येतं का, या सगळ्याचा उल्लेख हवा. सही करणाऱ्याला शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव लिहावं लागतं. हा रकाना पाहून लोक दचकतात. वारस कशाला? कारण काही बरं-वाईट झालं तर भरपाई कुणाला द्यायची, हे आधीच ठरलेलं बरं. वाचता येत नसेल तर बाहेरचा साक्षीदार बसवून वाचून दाखवावं लागतं. आणि नशेत असताना घेतलेली सही, किंवा उतरल्यानंतरच्या काळोख्या दिवसांत घेतलेली सही, ही सही नव्हे. चांगला डॉक्टर अशा दिवशी अर्ज पुढे करत नाही, दोन दिवसांनी ये म्हणतो. तुमचा डॉक्टर घाई करत असेल तर तिथून निघावं.

चाचणी खरी आहे का, हे पाहायची सोय घरबसल्या आहे. भारताची नैदानिक चाचणी नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून नोंद सक्तीची आहे. नोंद क्रमांक मागावा आणि नोंदणीच्या पानावर तपासावा. नंबर नाही म्हणाले, की विषय संपला. एक बारीक गोष्ट मात्र लक्षात असावी. मिर्टाझापिन, ब्युप्रोपिऑन ही जुनी, स्वस्त औषधं आहेत. त्यात कुठल्या कंपनीला मोठा नफा नाही. त्यामुळे भारतात एमडीवर त्यांची चाचणी झालीच, तर ती बहुधा एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाची शैक्षणिक चाचणी असेल. तशा चाचणीला औषध महानियंत्रकाची परवानगी लागत नाही, नैतिकता समितीची पुरते. म्हणून समितीचं नाव आणि फोन कागदावर आहे की नाही, हे तिथे जास्त काळजीने पाहावं. कंपनीच्या चाचणीमागे विमा असतो. इथे भरपाईची हमी कुणाची, हे सही करण्याआधी विचारावं.

पोलिसांची भीती वेगळी. मेफेड्रॉन फेब्रुवारी २०१५ मध्ये एनडीपीएसखाली आलं. त्याचं अल्प प्रमाण दोन ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण पन्नास ग्रॅम धरलं आहे. स्वतःसाठी बाळगलेल्या थोड्या मालाचा किंवा सेवनाचा गुन्हा असेल आणि माणूस स्वेच्छेने सरकारमान्य ठिकाणी उपचार पूर्ण करत असेल, तर कलम ६४-अ त्याला खटल्यातून सूट देतं. उपचार अर्धवट टाकला तर ती सूट काढून घेता येते. चाचणीत गेलं म्हणजे हे संरक्षण आपोआप मिळतं, असं समजू नये. चाचणी ज्या रुग्णालयात आहे ते मान्यताप्राप्त आहे का, आणि चाचणीला उपचार मानलं जाईल का, हे वकिलाला विचारूनच ठरवावं. वैद्यकीय माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क मानसिक आरोग्य कायद्यात आहे. पण रोह्यात खरी भीती पोलिसांपेक्षा एसटी स्टँडवर भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाची असते. ‘दर सोमवार-गुरुवार कुठे जातो रे?’ याला उत्तर काय द्यायचं, ते कुठल्याच संमतीपत्रात लिहिलेलं नसतं.

आणि आता अंतर. मुंबईतल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांपासून रोहा शंभर किलोमीटरहून जास्त दूर आहे. दिवा-रोहा गाडी, नाहीतर पेण-वडखळवरून एसटी, मग लोकल. एका तपासणीला पूर्ण दिवस जातो. धाटावमध्ये ठेकेदाराकडे काम करणाऱ्याला तो दिवस म्हणजे खाडा. आठवड्याला दोन खाडे म्हणजे ठेकेदार दुसरा माणूस बघतो. प्रवासखर्च सहसा मिळतो, बुडालेली रोजंदारी बहुधा मिळत नाही. ती भरून द्यावी का, यावर नैतिकता समित्यांत वाद होतो: जास्त दिली तर आमिष, नाही दिली तर गरिबाला दार बंद. माझं मत रोजंदारी द्यावी या बाजूला झुकतं. पैशासाठी कुणी नशेत राहील अशी भीती बोलून दाखवली जाते, पण ती अमेरिकेतल्या कुपनांच्या प्रयोगांत फारशी खरी ठरली नाही. उलट, एका तपासणीला चुकलेला रुग्ण पुढच्या तपासणीलाही चुकतो, आणि अशी माणसं हरवली की चाचणीचा निकालही पोकळ होतो.

चाचणीचे आठवडे संपल्यावर काय, हा प्रश्न शेवटी येतो, पण विचारायचा पहिल्या दिवशी. नियमांत चाचणीनंतर औषध पुढे फुकट देण्याची तरतूद आहे. मात्र डॉक्टरने शिफारस करायला हवी, समितीने मान्यता द्यायला हवी, दुसरा उपाय नसायला हवा, आणि रुग्णाने लेखी मान्य करायला हवं. उत्तेजकांच्या बाबतीत ‘दुसरा उपाय नाही’ हे सिद्ध करणं दुर्दैवाने सोपं आहे. तरी औषध मिळालं, पण तपासण्या आणि फोन थांबले, तर वर सांगितलेला निम्मा उपचार थांबतो. म्हणून चाचणीत जाण्याआधी घरच्यांनी एक गट किंवा एक समुपदेशक रोह्यात किंवा पेणमध्ये शोधून ठेवावा. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ आहे, मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६. उतरल्यावरच्या दिवसांत मुलगा मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर चाचणीचा विचार बाजूला ठेवून सरळ अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात न्यावं.

रोह्यात उपजिल्हा रुग्णालय आहे, पेणमध्ये आहे, अलिबागला २०२१ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. लघवीची तपासणी, वजन, रक्तदाब, दुष्परिणामांची चौकशी या गोष्टींना परळचं मोठं रुग्णालय लागत नाही. कोविडच्या लसीच्या बऱ्याच चाचण्या मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत झाल्या, आणि तेव्हा ते समजण्यासारखं होतं. एमडीच्या व्यसनावरची चाचणी मात्र ज्या पट्ट्यात माल बनतो आणि विकला जातो, तिथून रुग्ण उचलून शहरात न्यायला सांगत असेल, तर तिचा आराखडा लिहिणाऱ्याने दिवा-रोहा गाडीचं वेळापत्रक एकदा पाहायला हवं. मुख्य केंद्र मुंबईत आणि आठवड्याच्या तपासण्या रोह्या-पेणला, असा आराखडा नियमांत बसतो. त्यासाठी नैतिकता समितीत रायगडातला एक माणूस बसलेला असला, तरी काम सोपं होईल.